लँडिंग चुकत गेलं, एमी उडत राहिली

गेल्या पावसाळ्यात नागपूरहून मुंबईला येत होते. विमान खाली आलं, घरांवरच्या निळ्या ताडपत्र्या दिसायला लागल्या. आता चाकं टेकणार, तेवढ्यात इंजिन जोरात गरजलं आणि आम्ही पुन्हा ढगात! शेजारच्या काकूंनी माझा हात असा काही दाबला की विचारू नका. थोड्या वेळाने पायलटने शांतपणे सांगितलं की वारा आडवा होता, म्हणून उतरणं रद्द केलं. दुसऱ्या वेळी नीट उतरलो. काकूंनी हात सोडला.

हा किस्सा मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला सांगितला. ती सध्या पायलट व्हायचं ट्रेनिंग घेतेय. मला वाटलं हसेल, पण ती गप्पच झाली. तिचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. तिच्या बॅचमधल्या बहुतेकांचं पहिलं सोलो उड्डाण झालं होतं, हिचं होत नव्हतं. हवेत सगळं छान, पण उतरताना विमान एका बाजूला सरकायचं, नाहीतर उसळायचं. घरच्यांनी कर्ज काढलंय आणि आपल्याला हे जमणारच नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तिला काय सांगावं ते मला कळेना. म्हणून मग वाचायला घेतलं आणि एमी जॉन्सन सापडली. एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमान नेणारी जगातली पहिली स्त्री. नाव कदाचित तुम्हीही ऐकलं असेल. पण तिने लँडिंगमध्ये किती वेळा मार खाल्ला, हे फारसं कुणी सांगत नाही. आज तेच सांगायचंय.

मासळीवाल्यांची मुलगी

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी झाला. घरचा धंदा मासळीचा. चार बहिणींत ही थोरली. शेफील्ड विद्यापीठातून तिने अर्थशास्त्रात बीए केलं आणि मग लंडनला येऊन एका वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून लागली. म्हणजे डिग्री हातात, नोकरी टायपिंगची आणि आयुष्यात पुढे काय, याचा पत्ता नाही. ओळखीचं वाटतंय ना?

त्यात एका स्विस तरुणावर तिचं काही वर्षांपासून प्रेम होतं. १९२८ मध्ये तेही संपलं. त्याच वर्षी ती लंडनजवळच्या स्टॅग लेन विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबात जायला लागली. पगारातून वाचवलेले पैसे तासांच्या फीमध्ये जायचे.

ती काही जन्मजात पायलट वगैरे नव्हती. एकटीने विमान उडवायची परवानगी मिळेपर्यंत तिला शिक्षकाबरोबर जवळजवळ १६ तास उडावं लागलं. बहुतेकांना त्याहून बरेच कमी तास लागायचे. जमिनीचा अंदाज घेऊन अलगद टेकणं हीच तिची कच्ची बाजू होती आणि ती पुढेही बराच काळ तशीच राहिली. जुलै १९२९ मध्ये तिला पायलटचं लायसन्स मिळालं.

पण तिने आणखी एक गोष्ट केली, जी तेव्हा मुली करत नसत. ऑफिसला जायच्या आधी आणि सुटल्यावर ती हँगरमध्ये जाऊन मेकॅनिक लोकांबरोबर काम करू लागली. अंगात तेलकट डगला, हातात पाना. इंजिन उघडायचं, साफ करायचं, जोडायचं. १९२९ च्या डिसेंबरमध्ये तिने ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स मिळवलं. असं लायसन्स मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीने तिला तारलं.

आधी वाऱ्याचं गणित समजून घेऊ

विमान हवेच्या आधाराने उडतं, त्यामुळे त्याला समोरून वारा लागला तर बरं. एक साधं उदाहरण. समजा, एखादं छोटं विमान ताशी ७० किलोमीटरला टेकतं. हा वेग हवेच्या तुलनेत असतो. समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवर विमान धावतं फक्त ४५ ने. तोच वारा पाठीमागून असेल तर ९५ ने! वेग दुपटीपेक्षा थोडाच जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे थांबवायची ऊर्जा जवळजवळ साडेचार पट. मैदान तेवढंच, कुंपण तिथेच.

आणि वारा आडवा असेल तर? मग विमान नाकाच्या दिशेने जातं आणि त्याच वेळी बाजूलाही सरकतं. पायलट नाक थोडं वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखा तिरका येतो आणि टेकायच्या क्षणी नाक सरळ करतो. किंवा वाऱ्याच्या बाजूचा पंख थोडा खाली ठेवून, उलट्या बाजूचं रडर दाबून येतो. दोन्हीत टायमिंग चुकलं की चाकं तिरकी टेकतात आणि सगळा आडवा धक्का त्यांच्यावर येतो.

जुन्या विमानांची आणखी एक खोड होती. त्यांची दोन मोठी चाकं पुढे आणि शेपूट जमिनीवर घासणारी. वजनाचा मध्य चाकांच्या मागे. त्यामुळे नाक जरा वळलं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. पंख जमिनीला घासतो, चाकाची दांडी मोडते.

म्हणूनच त्या काळचे विमानतळ म्हणजे चक्क मोठी गवताची मैदानं असत. कापडी विंडसॉक बघायचा आणि ज्या बाजूने वारा, त्या बाजूला तोंड करून उतरायचं. आडव्या वाऱ्याचा प्रश्नच कमी. अडचण तेव्हा यायची, जेव्हा विमानतळच सापडत नसे. मग जिथे जागा दिसेल तिथे उतरा. आणि परेड ग्राउंड किंवा खेळाचं मैदान असेल तर कुठल्या बाजूने उतरायचं हे वारा ठरवत नाही. ते झाडं, भिंती आणि इमारती ठरवतात.

६०० पौंडांचं सेकंडहँड विमान

एमीने ठरवलं, ऑस्ट्रेलियाला जायचं. तोपर्यंतचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास लंडन ते हल, म्हणजे फार तर मुंबई-औरंगाबाद एवढा! विमान विकत घ्यायला अर्धे पैसे वडिलांनी दिले, अर्धे तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफिल्ड यांनी. ६०० पौंडांना सेकंडहँड जिप्सी मॉथ आलं. घरच्या मासळीच्या धंद्याचा ट्रेडमार्क होता जेसन, तेच नाव विमानाला दिलं.

हे जेसन म्हणजे लाकूड आणि कापडाचं, दोन मजली पंखांचं विमान. रिकामं वजन साधारण चारशे किलो. कॉकपिट उघडं, रेडिओ नाही, वेग ताशी १३५-१४० किलोमीटर. आणि चाकांना ब्रेक नाहीत! गवतावर शेपूट घासून जेवढं थांबेल तेवढं थांबेल.

५ मे १९३० ला ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली. फारसं कुणी निरोप द्यायलाही नव्हतं. वय २६. समोर होतं १५ दिवसांचं रेकॉर्ड, जे १९२८ मध्ये बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन पायलटने केलं होतं.

व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो. बगदादच्या आधी वाळूच्या वादळाने तिला अक्षरशः खाली पाडलं. वाळवंटात उतरून तिने विमान उडून जाऊ नये म्हणून चाकांमागे सामान लावलं आणि वादळ ओसरेपर्यंत तशीच थांबली. मग बगदादला उतरताना चाकाची दांडी मोडली. ती दुरुस्त करून पुढे. १० मेला ती कराचीला पोहोचली. सहा दिवसांत! लंडन ते भारत या टप्प्यात तिने हिंकलरला दोन दिवसांनी मागे टाकलं होतं. एका रात्रीत ती जगभरच्या पेपरांची हेडलाइन झाली.

गंमत बघा, त्याच महिन्यात त्याच आकाशात आपलेही लोक होते. आगा खान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं आणि जेआरडी टाटा, अस्पी इंजिनिअर आणि मनमोहन सिंग हे तिघेही जिप्सी मॉथ घेऊनच त्या शर्यतीत होते. अस्पी तर फक्त १७ वर्षांचा. बक्षीस त्यानेच जिंकलं.

झाशीचं परेड ग्राउंड

कराचीहून अलाहाबाद गाठायचं होतं. पण इंधन संपत आलं. खाली दिसली झाशी. हो, आपल्या राणी लक्ष्मीबाईंची झाशी. उतरण्याजोगी जागा म्हणजे लष्कराचं परेड ग्राउंड. विमान टेकलं खरं, पण थांबायला तयार नाही. ब्रेक नाहीतच. माणसं, झाडं चुकवत जेसन बराकींमध्ये जाऊन अडकलं. पंख फाटला. तिथल्या लोकांनी पंख सांधून दिला आणि दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादमार्गे कलकत्त्याला निघाली.

खरा फटका पुढे बसला. १३ मेला रंगूनच्या जवळ पाऊस आणि ढग. तिला उतरायचं होतं रंगूनच्या रेसकोर्सवर, पण धूसर हवेत तो सापडेना. एक मोकळं मैदान दिसलं, तिथे ती उतरली. ते निघालं इनसीन गावातल्या सरकारी टेक्निकल इन्स्टिट्यूटचं खेळाचं मैदान. मैदान संपलं, विमान थांबलं नाही आणि सरळ खड्ड्यात. प्रोपेलर तुटला, चाकांचा सांगाडा वाकला, पंख फाटला.

इथे कुणीही रडत बसलं असतं. पण एमी इंजिनिअर होती आणि नशीब असं की ती पडली ती टेक्निकल कॉलेजच्या अंगणात! तिथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी काम वाटून घेतलं. पंखाला लावायचं खास कापड हवं होतं. युद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे शर्ट तिकडे शिवले गेले होते, ते शर्ट उसवून पंखाला लावले. तुमच्यापैकी इंजिनिअरिंगला असलेल्यांनी जरा कल्पना करा, प्रॅक्टिकलला समोर खरंखुरं जगप्रसिद्ध विमान!

तीन दिवस गेले. १६ मेला ती पुन्हा उडाली, पण रेकॉर्ड हातातून निसटलं होतं. कराचीपर्यंत दोन दिवसांची आघाडी आणि ती गेली एका चुकलेल्या लँडिंगमध्ये. पुढे जावा बेटावर एका साखर कारखान्याच्या जागेत उतरताना बांबूच्या खुंट्यांनी पंखाला भोकं पाडली. ती तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवली. तिमोर बेटावर तर ती एक दिवस बेपत्ता होती. जगाला वाटलं, संपलं. ती होती एका खेड्यात सुखरूप.

२४ मे १९३० ला जेसन ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरलं. साडेएकोणीस दिवस, सुमारे १७-१८ हजार किलोमीटर. रेकॉर्ड हुकलं म्हणून ती नाराज होती. बाकी जग मात्र नाचत होतं.

ब्रिस्बेनची गर्दी

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

डार्विननंतर एमीला श्वास घ्यायला वेळ मिळाला नाही. सत्कार, भाषणं, फोटो, पुढचं शहर. २९ मेला ती ब्रिस्बेनला पोहोचली. ईगल फार्म मैदानावर हजारो लोक तिची वाट बघत होते. वारा जोरात होता. ती उतरायला आली ती वाऱ्याकडे पाठ करून. वर दिलेलं गणित आठवा. विमान मैदानावर थांबलंच नाही. कुंपणापलीकडे जाऊन ते उलटं झालं. सगळ्या गर्दीसमोर.

ती विमानातून बाहेर आली, अंगावर मोठी जखम नाही. जेसन मात्र पुरतं मोडलं होतं. अर्ध्या जगावरून एकटीने आलेली बाई पुढे सिडनीला गेली ती दुसऱ्या पायलटच्या विमानात बसून.

का झालं असं? ती जवळजवळ तीन आठवडे धड झोपली नव्हती. थकलेला मेंदू वाऱ्याची दिशा बघायला विसरतो, किंवा बघूनही ‘जमेल’ म्हणतो. आणि खाली हजारो डोळे लागलेले असताना पुन्हा वर जाणं फार कठीण असतं. गो-अराउंड म्हणजे हार नाही, हे कळायला डोकं शांत लागतं. मी मीडियाची विद्यार्थिनी आहे, म्हणून मला हेही टोचलं की तिला त्या दगदगीत ढकलणाऱ्यांत पेपरवाले सगळ्यात पुढे होते. इंग्लंडमधल्या एका मोठ्या दैनिकाने तिला १० हजार पौंड दिले आणि त्या बदल्यात देशभर दौऱ्यावर फिरवलं. तो दौरा तिला पुरा करता आला नाही, ती आजारी पडली.

पुढची दहा वर्षं

ब्रिस्बेननंतर ती घाबरून घरी बसली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९३१ च्या जानेवारीत ती पेकिंगला निघाली. पोलंडमध्ये उतरताना विमान पुन्हा मोडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये जॅक हम्फ्रीज या आपल्या इंजिनिअर गुरूला बरोबर घेऊन ती मॉस्कोमार्गे टोकियोला पोहोचली. लंडन ते मॉस्को एका दिवसात, हे आधी कुणी केलं नव्हतं. विमान होतं पुस मॉथ. आपल्या जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरवलं, तेही पुस मॉथच.

१९३२ मध्ये तिने जिम मॉलिसन या पायलटशी लग्न केलं आणि काही महिन्यांतच लंडन-केपटाऊन प्रवासात नवऱ्याचंच रेकॉर्ड मोडलं! पुढच्या वर्षी दोघं अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला निघाले. अमेरिकेच्या किनाऱ्यावर इंधन संपत आलं, रात्र झाली. ब्रिजपोर्टच्या विमानतळावर जिमने पुन्हा पुन्हा घिरट्या घातल्या आणि शेवटी विमान आपटलं. दोघंही बाहेर फेकले गेले, थोडक्यात वाचले. जमलेल्या लोकांनी आठवण म्हणून विमानाचे तुकडे तोडून नेले.

१९३४ च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया शर्यतीत दोघं कराचीपर्यंत जोरात आले आणि अलाहाबादला इंजिनने दगा दिला. १९३६ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या वाटेवर सहारात टेक-ऑफ करतानाच तिचं विमान मोडलं. ती परत आली, मे महिन्यात पुन्हा निघाली आणि केपटाऊनचं रेकॉर्ड केलं. मध्ये स्त्री इंजिनिअरांच्या संस्थेची ती अध्यक्ष होती. १९३८ मध्ये घटस्फोट झाला, तिने माहेरचं नाव परत लावलं.

युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ती विमानं कारखान्यातून हवाई तळांवर पोहोचवणाऱ्या संस्थेत दाखल झाली. आता ना रेकॉर्ड, ना गर्दी. ५ जानेवारी १९४१. ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळावर एक ट्रेनर विमान न्यायचं होतं. हवा वाईट, सगळीकडे ढग. काही तासांनी ती वाटेपासून कितीतरी दूर, थेम्स नदीच्या मुखाजवळ समुद्रावर होती. उतरायला जागाच नव्हती. तिने पॅराशूटने उडी घेतली. जवळच्या जहाजाचा कप्तान वॉल्टर फ्लेचर तिला वाचवायला बर्फासारख्या पाण्यात उतरला, तोही गेला. एमीचा मृतदेह कधीच सापडला नाही. तिथे नेमकं काय घडलं, यावर आजही वाद चालतात. ती ३७ वर्षांची होती.

मग शिकायचं काय?

आजच्या विमानांना ब्रेक आहेत, पुढे चाक आहे, कंट्रोल टॉवर वाऱ्याचा वेग सांगतो. पण गवताची गोल मैदानं गेली आणि सरळसोट धावपट्टी आली, म्हणून आडवा वारा उलट रोजचाच झाला. जुहूला दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात त्या उगाच नाहीत. एकीवर वारा आडवा असेल तर दुसरी कामाला येते. आपल्याकडे शिकणारे विद्यार्थी जे सेसना १७२ वापरतात, त्याच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा चाचणीत दाखवलेला आकडा १५ नॉट्स आहे, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. तोही अनुभवी टेस्ट पायलटने दाखवलेला. वारा ३० अंशाने तिरका असेल तर त्याचा निम्मा भाग आडवा लागतो, ६० अंशाला जवळजवळ सगळाच. हे गणित उतरायच्या आधी करायचं असतं. आणि नाही जमलं तर वर जायचं असतं.

एमीच्या चुका मी इथे मोजल्या त्या तिला लहान करायला नाहीत. थकल्यावर थांबायला हवं होतं आणि ब्रिस्बेनला वाऱ्याकडे बघायला हवं होतं, हे खरंच आहे. आडवा वारा हिमतीने जात नाही, तो सरावाने हाताळावा लागतो. पण प्रत्येक मोडक्या विमानाजवळ ती पाना घेऊन उभी राहिली, हेही तेवढंच खरं. आणि शिकायला तिला इतरांपेक्षा जास्त तास लागले होते, हे आज कुणालाच आठवत नाही.

जेसन आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे. ब्रिस्बेनला उलटलेलं तेच विमान, दुरुस्त केलेलं.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिने एवढंच विचारलं की एमीला सोलोच्या आधी नक्की किती तास लागले होते. मी म्हटलं, जवळजवळ १६. पलीकडे थोडी शांतता. ती स्वतःचे तास मोजत होती बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिचा मेसेज आला. विंडसॉकचा फोटो होता.